मुखदर्शन

जेरुसलेमला जाऊन आलेला मराठी माणूस लगेच ओळखू येतो. खजुराचं पाकीट आपल्या हातावर ठेवता ठेवता तो म्हणतो, "काय सांगू, तीन-तीन धर्म, पण कसे गुण्यागोविंदाने नांदतात!"

नांदतात? यांच्या घरी बातम्या लागत नाहीत काय?

तिथल्या होली सेपल्कर चर्चची किल्ली पिढ्यानपिढ्या एका मुसलमान घराण्याकडे आहे आणि दार उघडण्याचा मान दुसऱ्या मुसलमान घराण्याकडे. गाइड हे गहिवरून सांगतो, ऐकून आपली मंडळीही गहिवरतात. आत सहा ख्रिस्ती पंथ आहेत आणि त्यातल्या एकाकडे किल्ली गेली तर उरलेल्या पाचांची झोप उडेल, हे सांगायच्या आत बस सुटते.

त्याच चर्चच्या दर्शनी भिंतीवर एक लाकडी शिडी अठराव्या शतकापासून टेकून उभी आहे. ती हलवायची तर सगळ्यांची संमती हवी. २००८ साली ग्रीक आणि आर्मेनियन साधूंमध्ये आत जुंपली आणि भांडण सोडवायला इस्रायली पोलीस घुसले. आपल्या सोसायटीची वार्षिक सभा त्या मानाने बरीच आध्यात्मिक म्हणायची.

पण लांबचं सहजीवन नेहमीच सुंदर दिसतं. व्हिसा लागतो ना.

व्हिसा न लागणारं गाव म्हणजे आळंदी. पुण्याहून पंचवीसेक किलोमीटर, कोंडी धरून कितीही. देहू फाट्यावर चाकणचे कंटेनर, कंपन्यांच्या शिफ्टच्या बसगाड्या आणि चारधामचं स्टिकर लावलेली तुमची गाडी, सगळे एका भावाने उभे. समता म्हणतात ती हीच असावी.

इथे सगळेच माउली. पार्किंगवाला पोरगा म्हणतो, "माउली, जरा पुढं घ्या." हारवाली म्हणते, "माउली, चपला इथंच काढा." चपला ठेवायचे पैसे नाहीत, फक्त तुळशीची माळ आणि साखरफुटाणे तिच्याकडून घ्यायचे. सुट्टे नाहीत म्हणालात, की माउलीचे तुम्ही "ओ शेठ" होता.

मग रांग. एक समाधीदर्शनाची, लांबलचक. दुसरी मुखदर्शनाची, झटपट. लांबून डोकं टेकवायचं, हात जोडायचे, बाहेर. घरी गेल्यावर "कसं झालं?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: फार प्रसन्न वाटलं, फक्त पार्किंगचा प्रॉब्लेम.

त्याच आवारात सिद्धेश्वर आहे. शंकराचं स्थान, परंपरेप्रमाणे समाधीच्याही आधीचं. ज्ञानदेवांनी समाधी घेतली ती शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली. त्यांची गुरुपरंपरा नाथांची: आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि मग थोरले बंधू निवृत्ती. म्हणजे आवार शंकराचं, समाधी नाथपंथी योग्याची आणि टाळ वैष्णवांचे. एवढी दाटी असून शिडीवरून एकही मारामारी नाही.

कशी होईल? तिघांपैकी दोघांकडे कोणी बघतच नाही.

खजूरवाल्यांना सहज विचारून बघा, सिद्धेश्वराला गेला होतात का? ते मोबाइलमध्ये फोटो शोधू लागतात.

आता या गावाची स्मरणशक्ती बघा. ज्ञानदेवांच्या वडिलांनी, विठ्ठलपंतांनी, संन्यास घेतला, पुढे गुरूंच्या आज्ञेने ते घरी बायकोकडे परतले. गावाने वाळीत टाकलं. देहान्त प्रायश्चित्ताशिवाय सुटका नाही, असा शास्त्रार्थ निघाला. पोरांना शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरावी लागली, असं परंपरा सांगते. बायकोकडे परतणं हा जिथे गुन्हा ठरला, त्या आळंदीचा आजचा दोन नंबरचा धंदा कोणता?

लग्नं लावणं.

गल्लोगल्ली मंगल कार्यालयं. हॉल, भटजी, हार, फोटोग्राफर, जेवण, सगळं एका पॅकेजात. घरच्यांचा विरोध असलेली जोडपी इथे येतात हे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. कोणाला कळलं नसेल तर मराठी सिनेमाने कळवलंय. शुद्धिपत्र आता कोणी मागत नाही. आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, फोटो आणि साक्षीदार आणा म्हणजे झालं. सातशे वर्षांत प्रगती झाली नाही असं कोण म्हणतो?

वारकरी तर समतेचे पाईक. वयाने लहान-मोठा बघत नाहीत, जात बघत नाहीत, एकमेकांच्या पाया पडतात. बघून कोणाचाही अहंकार दोन मिनिटं विरघळावा असं ते दृश्य. मग संध्याकाळ होते आणि मुक्कामाला धर्मशाळा शोधायची वेळ येते. पाट्या वाचत चला: अमुक समाज धर्मशाळा, तमुक समाज भक्तनिवास. दिवसभर पाया पडायचं आणि रात्री पाटी वाचून झोपायचं. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, ती काय जागा रिकामी दिसली म्हणून?

(आत संगमरवरावर देणगीदारांची नावं असतात, रकमेसकट. देवाला हिशेब नको का?)

घोड्यांचं बरं असतं. माउलींचे, म्हणजे ज्ञानदेवांचे, अश्व दरवर्षी वारीसाठी येतात ते अंकलीहून, शितोळे सरकारांकडून. अंकली बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे कर्नाटकात. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला. घोडे मात्र तारखेची वाट न बघता सीमा ओलांडून येतात. त्यांना वकील नाही, हा फायदा.

आता इंद्रायणीच्या काठाने जरा वर सरका. देहूहून तुकोबांची पालखी निघते, तेव्हा पहिली अभंग-आरती होते अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी. कॅमेरे हजर, दुसऱ्या दिवशी पेपरात 'सर्वधर्मसमभावाचे दर्शन'. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस दर्गा तिथेच असतो. समभावच तेवढा रजेवर जातो.

तिथून जवळच देहूरोड. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी इथल्या विहारात बुद्धमूर्ती बसवली. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. देहूच्या सहलीत हे ठिकाण किती जण धरतात? गाडी समोरून जाते, गाडीत अभंग चालू असतात. शेजारी लष्कराचा दारूगोळा डेपो आहे. बुद्ध, तुकोबा, अनगडशाह आणि दारूगोळा. चौकशी करूनच आत सोडतात ते फक्त शेवटच्याकडे.

आणखी वर कार्ला. दोन हजार वर्षांचं बौद्ध चैत्यगृह आणि त्याच्या तोंडाशीच एकवीरा आई. कोळी मंडळी वाजतगाजत आईला येतात, अभ्यासक मान वर करून लाकडी कमानी न्याहाळतात, कॉलेजची पोरं पावसासाठी येतात. तिघंही एकाच पायऱ्या चढतात आणि उतरून तीन वेगवेगळ्या गावांची प्रवासवर्णनं सांगतात.

तिथल्या खांबांवर दात्यांची नावं कोरली आहेत. त्यात धेनुकाकटचे यवनही आहेत. परदेशी माणसाने आपल्या डोंगरात बुद्धासाठी खांब दिला, पुढे शेजारी देवी आली, कोणाचं काही अडलं नाही. आज एखाद्या परक्याने खांब द्यायचा म्हटला तर? आधी अर्ज, मग आंदोलन, मग खांब कोणत्या विचारसरणीचा यावर रात्री नऊ वाजता चर्चा.

या सगळ्यांना जोडणारं एकच काय ते आहे: नदी. तीच सगळ्यांनी मिळून वापरली. लोणावळ्यापासून गावांचं सांडपाणी, पिंपरी-चिंचवडच्या नाल्यांचं आणि कारखान्यांचं पाणी, सगळं सर्वधर्मीय. आळंदीत पोहोचेपर्यंत पाण्यावर पांढराशुभ्र फेस. एकीकडे भाविक तो बाजूला सारून बुडी मारतात, दुसरीकडे कोणीतरी रील काढतं आणि खाली लिहितं, 'फील लाइक काश्मीर'.

फेस कोणाचा? महापालिकेला विचारा, ती वरच्या ग्रामपंचायतींकडे बोट दाखवते. ग्रामपंचायती कारखान्यांकडे. कारखान्यांकडे प्रमाणपत्र असतं. फेस काही केल्या वारस दाखवत नाही.

मग वारी तोंडावर येते, ओरड होते आणि धरणातून पाणी सोडतात. आळंदीचा घाट चार दिवस बरा दिसतो. फेस पुढे तुळापूरला जातो, तिथे इंद्रायणी भीमेला मिळते. आणि भीमा जाते पंढरपूरला. वाटेत उजनीला मुक्काम.