घरामागचीच सहल

“अगं, काल शाळेत भांडण झालं म्हणे?”

“भांडण नाही ओ काकी, मीटिंग होती.”

“आपल्याकडं दोन्हीत फरक काय असतो? आवाज तर माझ्या ओट्यापर्यंत येत होता.”

मेंदीच्या कुंपणाला शेळ्यांनी पाडलेलं खिंडार आहे, तिथं काकी सुपात तांदूळ घेऊन येऊन उभ्या राहिल्या होत्या. तांदळात खडा नव्हता, पण सूप हातात असलं की उभं राहायला कारण मिळतं. पलीकडे शेजारीणबाईंनी ओल्या कपड्यांची बादली खाली ठेवली.

“शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होती. वर्षभराचा हिशेब मांडायचा होता. बालबाजार झाला, गॅदरिंग झालं, तिथवर सगळे माना डोलवत होते. सहलीचं नाव निघालं आणि मागच्या बाकावरनं एक पालक उठले.”

“वाकड्या आंब्याजवळचे?”

“मी नाव घेणार नाही. समितीवर आहे मी आता.”

“म्हणजे तेच. काय म्हणाला?”

“म्हणाले, तीनशे रुपये घेतले आणि पोरं नेली कुठं, तर खोडदला आणि शिवनेरीला! घरामागचंच दाखवायला पैसे कशाला? बाकीच्या शाळांची पोरं वॉटरपार्कला जातात.”

“मग चुकलं काय त्याचं? खोडदच्या त्या छत्र्या मला टोमॅटो तोडताना वावरातनं दिसतात. फुकटात.”

“कशाच्या आहेत त्या, काकी?”

“टीव्हीच्या असतील. नाहीतर मिलिटरीच्या. आपल्याला काय करायचंय?”

“हेच! आमची चौथीतली पोरगी त्या दिवशी दप्तर टाकायच्या आधी सुरू झाली. म्हणे, आई, ती दुर्बीण आहे, पण डोळा लावायची नाही, कान लावायची. तारे, आकाशगंगा, सगळीकडनं रेडिओच्या लहरी येतात, त्या ऐकायची. एकेक ताटली ४५ मीटर रुंद. अशा ३० आहेत.”

“तीस? मला तर एकच दिसते.”

“१४ मध्ये एका जागी आहेत. उरलेल्या १६ तीन दिशांना फाकलेल्या, शेताशेतातनं. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पंचवीस किलोमीटर. आणि सगळ्या मिळून एकच दुर्बीण धरायची.”

“अगं बाई! म्हणजे आमच्या बांधापलीकडं एकटी उभी आहे ती चुकली-माकली नाही, त्याच घरातली आहे.”

“त्याच घरातली. गोविंद स्वरूप नावाच्या शास्त्रज्ञांनी उभी केली. मुंबईची टाटांची मूलभूत संशोधनाची संस्था आहे ना, तिची ही. जीएमआरटी म्हणतात. परदेशातले लोकसुद्धा अर्ज करतात, अमुक तारा ऐकायचाय, आम्हाला वेळ द्या म्हणून.”

“मग एवढं थोरलं ताट वादळात उडत कसं नाही? माझ्या गोठ्याचा पत्रा दर वळवाला शेजारच्या वावरात सापडतो.”

“माझ्या पोरीनं हाच प्रश्न विचारला तिथल्या साहेबांना. तर ते पत्र्याचं नाहीच, बारीक तारेची जाळी आहे. वारा आरपार निघून जातो. पण ज्या लहरी धरायच्या त्या लांबीला मीटरच्या आसपास, त्यांना ती जाळी भिंतीसारखी लागते. म्हणून वजन कमी, खर्च कमी.”

काकींचं सूप थांबलं. त्यांनी मान वळवून पूर्वेकडे पाहिलं, पण मध्ये उसाचा फड होता.

“आणि इथंच का आणून ठेवली?”

“शांत जागा म्हणून. डोंगर आहेत, शहराचा गोंगाट नाही. गोंगाट म्हणजे लाऊडस्पीकरचा नव्हे, मोबाइलचा, मोटारींचा, मशीनींचा. म्हणून तर बाईंनी आत जाताना सगळ्यांचे मोबाइल बंद करायला लावले.”

“हां! आत्ता कळलं. त्या दिवशी तुमच्या त्या ग्रुपवर दुपारपर्यंत एक फोटो आला नाही. माझी सून तीन वेळा म्हणाली, गाडी कुठं बंद पडली की काय.”

“सगळ्या आयांचा जीव टांगणीला. एकीनं तर डेपोत फोन केला. आणि पोरं तिकडं मजेत. २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन ना. रामनसाहेबांचा शोध १९२८ साली त्याच तारखेचा. त्या सुमारास खोडदला मोठं प्रदर्शन भरतं, कुठकुठल्या शाळांची पोरं आपापली मॉडेलं घेऊन येतात. आपल्या पोरांनी पाहिलं आणि येतानाच बाईंना सांगितलं, पुढच्या वर्षी आपलंही टेबल पाहिजे.”

“बरं, खोडद माफ. पण शिवनेरी? तो तर जन्मापासनं डोळ्यासमोर.”

“तुम्ही किती वेळा चढलात?”

“मी? मी एकदा... म्हणजे शिवाईला नवस होता, तेव्हा निघालो होतो. पण यांचा गुडघा दुखला.”

“म्हणजे चढलाच नाहीत.”

“खालनं हात जोडले. देवीला पोचतात.”

“काकी, १६३० साली महाराज तिथं जन्मले. आणि आता ते युनेस्को का काय, त्यांच्या यादीत २०२५ च्या जुलैत १२ किल्ले लागले. ११ आपले, एक तमिळनाडूतला जिंजी. त्या ११ मध्ये शिवनेरी आहे. जग बघायला येईल आणि आपण पायथ्याशी टोमॅटोचे क्रेट भरत बसू.”

“टोमॅटोलाही जग येतं हो नारायणगावात.” काकींनी तेवढं सुनावून घेतलं. “मग मीटिंगचं काय झालं पुढं?”

“बाई काही बोलल्या नाहीत. नुसतं विचारलं, तुम्ही सांगा बरं, शिवनेरीच्या वाटेला दरवाजे किती? ते म्हणाले, पाच असतील. दारात त्यांचाच पोरगा उभा होता, चपला सांभाळत. तो ओरडला, सात, पप्पा! आणि एकेकाची नावं सांगायला लागला. महादरवाजा, गणेश दरवाजा, पीर दरवाजा...”

“अरारा! बापाचं तोंड?”

“बघण्यासारखं. पण माणूस हुशार. लगेच म्हणाला, माझं म्हणणं पैशांवर होतं.”

“ते तरी खरं होतं का?”

“अर्धं खरं. एसटी शाळेच्या सहलीला निम्मी सवलत देते, तरी गाडीचेच बरेच जातात. वर डबा ज्याचा त्याचा, पण दुपारचा चहा-बिस्कीट, औषधाची पेटी, दोन गडी पाण्याच्या जारला...”

“सवलत म्हणतेस? मग मला का नाही नेलं? मी पंच्याहत्तरी ओलांडली, मला एसटी फुकट आहे. आणि तुम्हा बायकांना अर्धं तिकीट. सगळ्या मावलो असतो.”

“काकी, ती करारावरची गाडी. तिला तिकीटच नसतं, किलोमीटरचा हिशेब असतो. तुम्ही बसा नाहीतर बसू नका, मीटर तेवढाच.”

“मग तर बसायलाच हवं होतं! तेवढ्याच पैशात एक माणूस जास्त.”

शेजारीणबाईंना यावर उत्तर सुचलं नाही. त्यांनी एक शर्ट झटकून तारेवर टाकला.

“आणखी एक गोष्ट काल निघाली. टोमॅटोच्या तोडणीला आलेली माणसं आहेत ना, खोपीत राहणारी? त्यांची तीन पोरं शाळेत आहेत. त्यांचे सहलीचे पैसे कुणी भरले, असं विचारलं. बाई म्हणाल्या, गॅदरिंगच्या बक्षिसातनं.”

“म्हणजे आपण माईकवर देतो ते?”

“तेच. एकावन्न, एकशे एक. पोरगी नाचली की आजोबा नोट काढतात, मामा काढतो. त्यातले पोरांच्या हातात खाऊपुरते जातात, बाकी शाळेच्या वहीत लिहिले जातात. आणि तुम्हाला सांगू? यंदा सगळ्यात मोठी रक्कम, पाचशे एक, कुणाची होती?”

“वाकड्या आंब्याची!”

“नाव घेणार नाही म्हटलं ना. पण दोनदा पुकारायला लावलं होतं स्वतःचं नाव.”

“मला आठवतंय. तिसऱ्यांदाही पुकारलं असतं, पण अंधार पडायच्या आत आटपायचं होतं.” काकींनी आवाज खाली आणला. “ते मात्र बरं केलं हो. पूर्वी गॅदरिंग रात्री दहाला सुरू व्हायचं. आता उसात बिबट्या, पोरं घेऊन कोण येणार रात्री? दुपारी नाचली तरी तेवढीच नाचली. तमाशाच्या पंढरीतली पोरं आहेत, त्यांना लाइटिंग लागत नाही.”

“पण काकी, तुमच्या नातवाचं खरं गॅदरिंग बालबाजारात होतं.”

“त्याचं नाव काढू नकोस! मेथी माझ्या वावरातली. पहाटे उठून मी उपटली, जुड्या मी बांधल्या. आणि मी त्याच्यापुढं उभी राहिले तर म्हणतो, आजी, दहा रुपये. म्हटलं, मेल्या, माझीच मेथी! तर म्हणतो, बाजारात ओळख चालत नाही.”

“मग घेतलीत?”

“घेतली. आठला मागितली, दिली नाही. शेवटी दोन जुड्या पंधराला ठरल्या. घरी आल्यावर वहीत जमा-खर्च लिहिला, नफा काढला. मी विचारलं, आजीची मजुरी कुठं धरलीस? डोकं खाजवत बसला. मग वहीत एक ओळ वाढवली, नफा निम्मा झाला.”

“ते बाईंना सांगा. पुस्तकात असलं गणित नाही.”

“आणि तो भेळवाला, तुझा भाचा?”

“त्याला तोटा आला. त्यानं अर्धी भेळ स्वतःच खाल्ली.”

दोघी पोटभर हसल्या. मग शेजारीणबाई एकदम आठवल्यासारख्या म्हणाल्या, “अहो, पुढचं राहिलंच. पहिलीत येणाऱ्या पोरांचा मेळावा आहे. ‘पहिले पाऊल’. तुमची धाकटी नात यंदा जाणार ना? सुनेबरोबर तुम्हीपण या. टेबलं मांडलेली असतात. एकावर उड्या मारायच्या, एकावर चित्र बघून गोष्ट सांगायची, एकावर वस्तू मोजायच्या. पोराला काय जमतं, काय नाही, ते कार्डावर लिहितात. मग आयांचे गट करतात आणि घरी काय करून घ्यायचं ते सांगतात.”

“काय सांगतात?”

“भाजी निवडायला बसलात की पोराला बसवा. मोठे बटाटे एकीकडं, बारके एकीकडं. चपला जोडीनं लावायला सांगा. ताटं किती लागतील ते मोजू द्या.”

“हे शिकवायला मेळावा लागतो?”

“लागतो ना. घरात आपण पोराला भाजीजवळ येऊ देतो का? मोबाइल देतो आणि म्हणतो, गप बस तिकडं. बटाटे घरातलेच, छत्र्या बांधापलीकडच्याच, किल्ला दारातलाच. पण बाईंनी बोट धरून दाखवल्याशिवाय आपल्याला दिसतंय कुठं? तीनशे रुपये त्याचे, काकी.”

काकींनी सुपातले तांदूळ उगाच एकदा पाखडले. त्यांना हे पटलं होतं, पण कुंपणावर लगेच पटवून घ्यायची त्यांची रीत नव्हती.

“मग मीटिंगमध्ये ठरलं काय शेवटी?”

“त्याच पालकांनी ठराव मांडला. पुढच्या वर्षी सहल नाणेघाटाला, आणि जमलं तर दुसरी गाडी घरच्यांची. म्हणाले, पोरासमोर परत हसं नको. सातवाहनांच्या काळचा लेख आहे तिथं लेण्यात, आणि तो दगडी रांजण. जकातीचा म्हणतात.”

“मी येणार. आत्ताच नाव लिही.”

“लिहिते. पण नियम सगळ्यांना सारखा. संमतीपत्र भरून द्यायचं, घरातल्या पालकाच्या सहीचं.”

“माझा पालक कोण आता या वयात?”

“तुमची सून.”

काकींनी सूप कमरेवर घेतलं आणि घराकडे वळता वळता म्हणाल्या, “मग आजपासनं तिच्याशी गोड बोलायला घेते. वर्ष पुरेल ना?”