विहीर त्यांची, हिशेब तुमचा

साबण विकणारा म्हणाला, ‘केवढे मळलात हो तुम्ही!’ तर ते समजू शकतं. त्याचा धंदाच तो. चिखल विकणाराही हेच म्हणू लागला तर मात्र त्याच्या हिंमतीला दाद द्यायला हवी.

बीपी, म्हणजे पूर्वाश्रमीची ब्रिटिश पेट्रोलियम, ही त्या हिंमतीची कंपनी. 2000 साली तिने जुनं ढालीचं बोधचिन्ह उतरवून हिरवं-पिवळं, सूर्यफुलासारखं नवं चिन्ह लावलं आणि आपण आता पेट्रोलियमच्या पलीकडे निघालो आहोत असं जाहीर केलं. पलीकडे गेल्यावर तेलविहिरींचं काय, हा क्षुद्र प्रश्न तेव्हा कुणाला सुचला नसावा. 2004 च्या सुमारास कंपनीने तुमच्या-माझ्यासाठी एक कॅल्क्युलेटर आणला. वीज किती जाळता, गाडी किती पळवता, विमानात किती बसता ते भरा. तुमचा कार्बन फूटप्रिंट, म्हणजे तुमच्या नावावरचा धूर, हजर! जाहिरातींत रस्त्यावरच्या माणसांना गाठून विचारलं जाई, ‘तुमचा फूटप्रिंट केवढा?’ माणसं बावचळायची. ‘आणि तुमचा हो?’ असं विचारणारा त्या जाहिरातीत अर्थातच नव्हता.

मूळ कल्पना कंपनीची नव्हेच. विल्यम रीस आणि माथिस वाकरनागेल या अभ्यासकांनी 1990 च्या दशकात ‘इकॉलॉजिकल फूटप्रिंट’ मांडला तो शहरं नि देश निसर्गावर किती भार टाकतात ते मोजायला. जाहिरातवाल्यांनी तो कापून-शिवून एकेका माणसाच्या अंगाला बेतून दिला.

पण माप एकट्याच्या अंगाला बसतं का? 2008 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी नाना तऱ्हेच्या लोकांचे फूटप्रिंट काढून पाहिले. ज्याला घर नाही, गाडी नाही, जो फुकटच्या अन्नछत्रात जेवतो आणि निवाऱ्यात झोपतो, त्या अमेरिकन माणसाच्या नावावरही वर्षाला साडेआठ टन कार्बन डायऑक्साइड निघाला. जगाची सरासरी तेव्हा चार टनांच्या आसपास होती. म्हणजे बेघराने आणखी काय सोडायचं? देशातले रस्ते, इस्पितळं, वीजघरं, फौजफाटा सगळ्याचा धूर त्याच्याही खात्यावर चढतो, आणि त्या खात्यावर त्याची सही कुठेच नसते.

आपल्या मध्यमवर्गाला मात्र हे खातं मनापासून आवडतं. उपास, नवस, प्रायश्चित्त या रांगेत ते चपखल बसतं. स्टीलची बाटली घ्यावी, कापडी पिशवी न्यावी, रिकाम्या खोलीतला पंखा बंद करावा. यातलं काहीच चूक नाही, जरूर करावं. फक्त पंखा बंद करताना जी पुण्याई जमल्यासारखी वाटते ना, तीच तेलकंपनीला हवी असते. पुण्यवान माणूस कुणाशी भांडत नाही.

आणि भांडण्यासारखं पुष्कळ होतं. 2020 मध्ये बीपीने सांगितलं, 2030 पर्यंत तेल-वायूचं उत्पादन 40 टक्क्यांनी घटवू. फेब्रुवारी 2023 मध्ये हे वचन 25 टक्क्यांवर आलं. ज्या दिवशी हे सांगितलं त्याच दिवशी कंपनीने सुमारे 28 अब्ज डॉलरचा, म्हणजे तिच्या इतिहासातला सर्वांत मोठा वार्षिक नफाही जाहीर केला. फेब्रुवारी 2025 मध्ये उरलीसुरली भीडही गेली. तेल-वायूवर वर्षाला 10 अब्ज डॉलर घालायचे आणि अक्षय ऊर्जेच्या वार्षिक गुंतवणुकीतून पाच अब्जांहून अधिक छाटायचे, असं ठरलं. आपण फार लवकर फार पुढे गेलो, असंही कंपनीचे मोठे साहेब म्हणाले. पलीकडे निघालेले अलीकडे परतले. वाटेत ना कुठे नाका लागला ना पावती फाडावी लागली.

आपल्याकडचा न्यायही बघण्यासारखा आहे. पुराव्याशिवाय ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’ म्हणवून घेणाऱ्या कंपन्यांसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. महाराष्ट्रात 2018 साली प्लास्टिकबंदी आली तेव्हा कारखान्यातच वेष्टनात भरलेल्या मालाला सूट मिळाली. कोथिंबिरीची जुडी पातळ पिशवीत घालून देणाऱ्या भाजीवालीच्या वाट्याला मार्गदर्शक तत्त्वं आली नाहीत. तिला पहिल्या खेपेला 5,000 रुपये दंड, दुसऱ्या खेपेला 10,000, आणि तिसऱ्यांदा सापडली तर 25,000 रुपये नि तीन महिन्यांपर्यंत कैद.