सुतळीसकट सात किलो

विमान कंपन्यांचा सल्ला असतो, की केबिन बॅगेत फक्त अत्यावश्यक वस्तू ठेवाव्यात. हा सल्ला लिहिणारा माणूस एकटा राहत असावा. चार माणसांच्या घरात अत्यावश्यक काय यावर एकमत होईपर्यंत विमान जाऊन परत आलेलं असतं.

माझं मत विचाराल तर चेक-इन बॅगेत जातं ते सामान आणि केबिन बॅगेत जातो तो अविश्वास. जी वस्तू दुसऱ्याच्या हवाली करायला जीव धजत नाही, ती हातात. पासपोर्ट, सोनं, रोजच्या गोळ्या इथवर घरोघरी सारखंच. पुढे ज्याचा त्याचा अविश्वास निराळा. आमच्या आईचा विमानात सामान चढवणाऱ्यांवर विश्वास नाही, म्हणून चकल्या हातात. बायकोचा मोठी बॅग मुक्कामी पोचेल यावर नाही, म्हणून प्रत्येकाचा कपड्यांचा एकेक जोड हातात. माझा ऑफिसवर नाही, म्हणून सुट्टीतही लॅपटॉप हातात. अण्णांचा एकूण जगावरच नाही, म्हणून सुतळी.

निमित्त होतं ताईकडच्या दिवाळीचं. ताई दुबईला असते. आई-अण्णा पहिल्यांदाच विमानात बसणार होते आणि दोघांनीही तयारी आपापल्या पद्धतीने दसऱ्यापासूनच सुरू केली होती. आईची पद्धत म्हणजे डबे. अण्णांची पद्धत म्हणजे डब्यांना विरोध.

नियम तसा सोपा आहे. माणशी एक नग, वजन ७ किलो, माप ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटर. हे ऐकल्यावर आईने लगेच हिशेब केला, "म्हणजे चौघांचे अठ्ठावीस." मी सांगितलं, की तसा एकत्र हिशेब चालत नाही. "का? माझी बॅग चार किलोची झाली आणि तुझी दहाची, तर विमानाला काय कळणार आहे?" पदार्थविज्ञान म्हणून या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. विमानाला खरंच काही कळत नाही. काउंटरवरच्या मुलीला कळतं.

शिवाय सात किलो हे ऐकायलाच भरघोस. टणक कवचाची, चार चाकांची ट्रॉली रिकामीच अडीच-तीन किलो भरते. त्यात माझा लॅपटॉप आणि त्याचा विटेएवढा चार्जर टाकला की आणखी दोन-सव्वादोन. राहिले जेमतेम दोन किलो, आणि त्यावर सगळ्या घराचा डोळा. अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गाडीच्या टपावर सायकली, शेळ्या आणि नवरीचं कपाट चढताना त्यांनी पाहिलेलं. बॅगेला चाकं लावून वजन वाढवायचं आणि मग वजन जास्त झालं म्हणून रडायचं, हे त्यांना पटेना. चाकांची ही उभी बॅग रॉबर्ट प्लाथ नावाच्या अमेरिकन वैमानिकाने १९८७ मध्ये काढली, हे मी त्यांना सांगितलं. "बरोबर," अण्णा म्हणाले, "त्याला कुठे वजन करून घ्यावं लागतं?"

वजनासाठी आम्ही बाथरूममधला काटा बाहेर काढला. बॅग हातात घेऊन उभं राहायचं, मग बॅग ठेवून उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. या पद्धतीत बॅगेचं वजन अंदाजे कळतं आणि माझं नेमकं. सात किलो चारशे ग्रॅम आले तेव्हा बायको काट्याकडे आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "चारशे ग्रॅम बॅगेतूनच कमी करायचे आहेत ना?"

मग सल्ल्यासाठी सोसायटीतल्या काकूंकडे जाणं आलं. त्यांचा मुलगा न्यू जर्सीला. मुलाच्या प्रत्येक बाळंतपणाला त्या जाऊन आल्यात (म्हणजे सुनेच्या, पण त्या असंच म्हणतात), त्यामुळे हवाई सामान या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. काकूंचा खरा राग अमेरिकेच्या पुडीच्या नियमावर आहे. २०१८ च्या जूनपासून अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या बॅगेत ३५० मिलिलिटरहून जास्त पूड असली, की ती वेगळी काढून तपासतात आणि समाधान झालं नाही तर ठेवून घेतात. "आता मला सांगा," काकू म्हणाल्या, "मेतकूट पूड, भाजणी पूड, गोडा मसाला पूड, नाचणीसत्त्व पूड, डिंकाच्या लाडवाचा डिंकसुद्धा कुटलेला. आपल्यात पूड नाही असं आहे काय?" मराठी स्वयंपाकघराचं इतकं अचूक वर्णन मी वाचलेलं नाही. हा नियम दुबईला नाही, हे ऐकून त्यांचा आमच्या प्रवासातला रस एकदम कमी झाला. तरी उठता उठता त्यांनी बॉम्ब टाकला, "पण खसखस नेऊ नका हं. पकडतात."

हे मात्र खरं आहे. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात खसखशीला बंदी आहे. अफूच्या बोंडातलं बी, म्हणून तिची गणती थेट अमली पदार्थांत. आईला हे सांगायला मी गेलो तेव्हा ती अनारसे थापत होती. थापत कशावर होती, ते सांगायला नको. ताटभर खसखस पसरलेली, त्यावर गुळाच्या पिठाची गोळी, आणि आईचं बोट त्या गोळीला गोल गोल दाबत चाललेलं. तळणीत एक जाळीदार अनारसा फुलत होता, पांढऱ्या दाण्यांची बाजू वर करून. मी सांगितलं. आईचं बोट थांबलं.

"अमली?"

"हो."

"मी?"

साठ वर्षं ती दर दिवाळीला काय थापत आली, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होता. अण्णा पलीकडून म्हणाले, "तरीच मला अनारसे खाल्ल्यावर झोप येते." मग करंजीचं सारण आठवलं. त्यातही खसखस. शेवटी दुबईचे अनारसे रव्यावर थापायचे आणि सारण बिनखसखशीचं करायचं ठरलं. त्या अनारशांना आई शेवटपर्यंत अनारसे म्हणाली नाही. "ते तुमचे दुबईचे गोल" म्हणायची.

खसखस गेली, तर सारणाला खोबरं तरी भरपूर हवं, म्हणून तिने सुक्या खोबऱ्याच्या वाट्या काढल्या. त्याही बाद. अख्खं सुकं खोबरं धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, ते तेलाने गच्च असल्यामुळे आतल्या आत तापून पेटू शकतं म्हणून. आपल्याकडे नारळही केबिनमध्ये चालत नाही. २०२४ मध्ये शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीच्या गाठोड्यातला नारळ हातात नेण्याची काही महिन्यांपुरती खास सूट मिळाली होती, ती वेगळी. आईने विचारलं, "मग आपल्या देवाचं नाव सांगितलं तर?" मी म्हटलं, आपण दुबईला चाललोय. ती म्हणाली, "ते माहितेय मला." चिवड्यातले तळलेले खोबऱ्याचे काप मी पाहिलेच नाहीत असं ठरवलं. ते मोठ्या बॅगेत, पोह्यांच्या आड गेले.

राहिलं साजूक तूप. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये द्रव स्फोटकं थंड पेयांच्या बाटल्यांतून विमानात नेण्याचा कट उघडकीस आला, आणि त्यानंतर आपल्याकडून परदेशी जाणाऱ्या विमानात हातात १०० मिलिलिटरहून मोठी बाटली नेता येत नाही. सगळ्या छोट्या बाटल्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत. आता तूप द्रव की घन? आईचं म्हणणं, दिवाळीच्या थंडीत तिचं तूप असं रवाळ बसतं की चमचा उभा राहतो. पण विमानतळावर जे थापता येतं, पसरता येतं किंवा पिळता येतं ते सगळं द्रवच. श्रीखंड द्रव, मुरंबा द्रव, टूथपेस्ट द्रव. अण्णांचं गुडघ्याला चोळायचं मलमही द्रव. शंभर मिलिलिटर तूप नेऊन ताईच्या वरणभाताचा एक आठवडासुद्धा निघाला नसता, म्हणून तेही खाली गेलं.

पॉवरबँकेचं उलटं. ती खाली टाकायची नाही, हातातच ठेवायची. लिथियम बॅटरीने पेट घेतला तर पोटातल्या सामानात कोणाला पत्ता लागणार नाही. वर निदान माणसं तरी आहेत. मर्यादा १०० वॉट-तासांची. माझी २०,००० एमएएचची, म्हणजे ७४ वॉट-तास. हा हिशेब मी घरात फार ऐटीत समजावून सांगितला. कोणी ऐकलं नाही. अण्णांची अख्खी पेटी मात्र तपासणीत गारद झाली. चाकू खाली. अडकित्ता पात्याचा, तोही खाली म्हटलं, तर दुबईत विड्याची पानंच नेता येत नाहीत हे कळल्यावर घरीच राहिला. काडेपेटी कुठेच चालत नाही. उरली टॉर्च आणि सुतळीचा गुंडा. "प्रवासात कधी काय बांधावं लागेल सांगता येत नाही," अण्णा म्हणाले. या वाक्याला विमान प्राधिकरणाचीही हरकत नव्हती.

मुंबईच्या सहार विमानतळावर सुरक्षा तपासणीत आईची बॅग अडली. क्ष-किरणाच्या पडद्यावर धातू निळा दिसतो आणि सेंद्रिय वस्तू नारिंगी. आईच्या बॅगेत नारिंगी रंगाचे सोळा गोल, घट्ट, एकसारख्या आकाराचे, चार-चारच्या रांगेत दिसत होते. जवानाने विचारलं, "माताजी, इसमें क्या है?" आई म्हणाली, "बेसन. पण तूप कमी घातलंय." डबा उघडला, वास सुटला आणि प्रकरण मिटलं. त्याला एक लाडू देण्यासाठी आईने केलेला हट्ट आणि तो नाकारताना त्याची झालेली पंचाईत मागच्या रांगेने नीट पाहिली.

गेटवर घोषणा झाली: विमान पूर्ण भरलंय, ट्रॉली बॅगा इथेच द्या, विनामूल्य खाली टाकतो. पाठोपाठ एक मुलगी हातात चिठ्ठ्या घेऊन आली आणि म्हणाली, "मौल्यवान वस्तू, औषधं आणि पॉवरबँक काढून घ्या, पटकन."

पटकन! ज्या बॅगा भरायला दसरा ते धनत्रयोदशी लागली, त्या आम्ही गेटजवळच्या फरशीवर उघड्या टाकल्या. लॅपटॉप निघाला, पॉवरबँक निघाली, गोळ्यांचे डबे, आईच्या पाटल्या, पासपोर्टाची पिशवी. आईने लाडू काढले, कारण तिच्या लेखी ते मौल्यवान आणि औषध दोन्ही होते. सगळं मिठाईच्या दुकानाच्या जाड पिशवीत कोंबलं. मोठी बॅग हरवली तर अंगावर घालायला असावेत म्हणून घेतलेले कपडे तेवढे आत राहिले आणि त्याच मोठ्या बॅगेच्या सोबतीला विमानाच्या पोटात गेले. बायकोच्या हे लक्षात आलं तेव्हा चिठ्ठीवाली मुलगी तिन्ही ट्रॉल्या घेऊन दिसेनाशी झाली होती.

पिशवीचं तोंड काही बंद होईना. अण्णांनी खिशातून गुंडा काढला. इतका वेळ गप्प बसलेला माणूस एकदम डेपोत असल्यासारखा दिसू लागला. दोन वेढे उभे, दोन आडवे, मध्ये पीळ, आणि वर एक गाठ. रांगेतले लोक कौतुकाने पाहत होते. अण्णांनी पिशवी उचलून दोनदा हिसका देऊन दाखवली. तसूभर हलली नाही.

विमानात आमच्या डोक्यावरचा कप्पा निम्मा रिकामा होता. तो मी बायकोला दाखवला नाही. तिने तो आधीच पाहिला होता.

उड्डाणानंतर तासाभराने आईच्या रक्तदाबाच्या गोळीची वेळ झाली. पिशवी खाली काढली. मी गाठ सोडवायचा प्रयत्न केला, मग बायकोने नखांनी, मग खिडकीजवळच्या गृहस्थांनी चष्मा काढून. कात्री कोणाकडे नव्हती, कारण कात्री आणायची नसते. हवाई सुंदरीने जेवणाबरोबरचा लाकडी काटा आणून दिला. त्याचे दोन दात मोडले. आई म्हणाली, "गोळी राहू दे, पण लाडू तरी काढा, त्या मुलीला द्यायचाय."

अण्णा खिडकीबाहेर पाहत होते. मी म्हटलं, "अण्णा, तुमचीच गाठ आहे, तुम्हीच सोडवा."

"ती सोडवायची नसते," अण्णा म्हणाले. "कापायची असते. माझा चाकू कुठे ठेवलास?"