मऊ कापायचं म्हणजे

जालन्यात लोखंड कापणं ही बातमी नाही. एमआयडीसीतल्या भट्ट्यांत भंगार वितळतं, त्याची बिलेटं ओतली जातात, ती पुन्हा लालबुंद तापवून रुळांमधून काढली की सळई तयार. ती मापात तोडायला शिअर मशीनला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. अशा गावात मुरलेल्या माणसाची एक पक्की समजूत असते: न कापली जाणारी वस्तू जगात नाही, जोर कमी पडतो एवढंच.

ही समजूत नवीन जालन्यातल्या एका घरात दिवाळीच्या फराळाबरोबर मोडीत निघाली. मुंबईला मेंदूविज्ञानात पीएच.डी. करणारा भाचा सुट्टीला आला होता. "तिथं तू नेमकं करतोस काय?" हा प्रश्न दर दिवाळीला चिवड्याबरोबर गिळून टाकायची त्याची सवय. यंदा मात्र त्याने मोबाइलवर व्हिडिओच लावला. एक पेटीवजा यंत्र, त्यात बर्फाने वेढलेली छोटी टाकी, टाकीच्या तळाशी बोटाच्या पेराएवढा पांढरट गोळा आणि त्याच्या तोंडाशी एक पातं. आयुष्यभर रोलिंग मिलमध्ये सुपरवायझरी केलेले मामा खास जुन्या जालन्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडून आले होते. त्यांनी चष्मा पुसून मिनिटभर पाहिलं.

"मशीन बंद कामून हाय रे?"

"चालूच आहे, मामा."

या यंत्राचं नाव व्हायब्रेटोम. पेशीजालाचे सूक्ष्म काप घेणाऱ्या यंत्राला मायक्रोटोम म्हणतात. त्यात थरथरतं पातं बसवलं की तो व्हायब्रेटोम. पातं पुढे सरकतं ते सेकंदाला मिलिमीटरचा दहावा हिस्सा, नाजूक कामात त्याच्याही निम्म्याने. म्हणजे उंदराचा सेंटीमीटरभर मेंदू ओलांडायला दीड-दोन मिनिटं सहज जातात. मात्र तेवढ्यात ते सेकंदाला ऐंशी-नव्वद वेळा डावीउजवीकडे ये-जा करत असतं आणि प्रत्येक हेलकावा जेमतेम मिलिमीटरभर असतो. ज्याला हे दिसत नाही, त्याला यंत्र बंद आहे असंच वाटणार.

मामांचा दुसरा प्रश्न मिलच्या शिस्तीतला होता. "दिवसाला किती टन?"

भाच्याने प्रामाणिकपणे हिशेब मांडला. छोट्या पांढऱ्या उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमलाही भरत नाही, ०.४ ग्रॅम धरा. टनभर माल काढायचा तर पंचवीस लाख उंदीर लागतील.

"तेवढे मोंढ्यात निघतील," मामी आतून म्हणाल्या.

मग मामांनी मुद्द्याला हात घातला. असा मऊ गोळा एका दणक्यात का कापू नये? उत्तर भाच्याऐवजी मामींनी दिलं, आणि तेही विळीवर बसल्या बसल्या. पिकलेला टोमॅटो पात्यावर नुसता दाबला तर आधी चेपतो, मग फुटतो, आणि भाजीऐवजी साडीवर जातो. तोच पात्यावर किंचित ओढला की साल चिरते आणि हाताला जोर लागत नाही. यंत्रामागचं शास्त्र हेच आहे. सरळ दाबाने कापायला जितकं बळ लागतं, त्याच्या थोड्याच भागात काम होतं, जर पातं त्याच वेळी बाजूला सरकत असेल. फरक इतकाच की विळीचं पातं जागेवर असतं आणि टोमॅटो हलतो. इथे मेंदू जागेवर असतो आणि पातं हलतं.

मऊ वस्तू आधी कडक करून कापायचे मार्गही आहेत, आणि ते आपल्या ओळखीचे आहेत. गाठीचा तुकडा तपासायला दिला की पॅथॉलॉजीवाले तो फॉर्मलिनमध्ये ठेवतात, अल्कोहोलने त्यातलं पाणी काढतात, मेणात बसवतात आणि तीन ते पाच मायक्रॉनचे काप घेतात. दुसरा मार्ग गोठवण्याचा. दोन्ही उत्तम आहेत, फक्त त्यातून पेशी जिवंत बाहेर पडत नाहीत. व्हायब्रेटोमचा काप त्या मानाने जाडाभरडा, मेंदूच्या जिवंत कामासाठी तीनशे मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाचे चार केस एकावर एक ठेवावेत इतका. पण तो जिवंत असतो. बर्फगार क्षारद्रवात तो कापायचा, मग साखर घातलेल्या तशाच द्रवात ठेवून खालून ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडायचे. उंदीर जाऊन कित्येक तास झाले तरी त्याच्या मेंदूचा काप विजेचे संदेश पाठवत राहतो.

हे कळायला यंत्राची वाट कुणी पाहिली नव्हती. जर्मनीत ओट्टो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात हाताने कापलेल्या पातळ चकत्यांवर पेशींचं श्वसन मोजलं. लंडनमध्ये हेन्री मॅकइल्वेन यांनीही मेंदूचे काप हातानेच घेतले. ते नुसते श्वास घेत नाहीत, त्यांच्यात वीजही खेळते, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ आणि १९६६ च्या शोधनिबंधांत दाखवून दिलं. पुढे नेहर आणि साकमान यांनी एका पेशीच्या पडद्यातून जाणारा प्रवाह मोजण्याची पद्धत काढली आणि त्यांना १९९१चं नोबेल मिळालं. आज मेंदूच्या कापावर ही पद्धत वापरायची तर पेशींचा वरचा थर शाबूत हवा, आणि तिथे हाताची थरथर चालत नाही, यंत्राचीच लागते.

मामांना खरा आनंद झाला तो यंत्राचं सामान ऐकून. किंमत लाखांत, मोटर परदेशी, आणि पातं? पुष्कळ ठिकाणी दाढीचं दुधारी ब्लेड, मधोमध मोडून अर्धं. सलूनवाला उस्तऱ्यात घालतो तेच. त्यावरचं तेल पुसून घ्यायचं, बस्स. आणि मेंदू तळाला चिकटवायला सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे चपलेचा अंगठा निघाल्यावर घरोघर शोधतात ते फेविक्विक. ब्लेड आणि फेविक्विक कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं म्हटल्यावर मामांना उरलेलं यंत्रही तिथेच मिळेल असं वाटू लागलं.

"नाही मिळणार," भाचा म्हणाला. पातं डावीउजवीकडे कितीही हलो, वरखाली हलता कामा नये. चांगल्या यंत्रात ही वरखाली हालचाल एखाद्या मायक्रॉनपर्यंत आवरलेली असते. तेवढी चूक वाढली की वरच्या थरातल्या पेशी मरतात आणि काप दिसायला छान, कामाला निकामी.

"म्हणजे बेअरिंगला प्ले नको," मामा म्हणाले. प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांना हे समजायला निम्मं वर्ष जातं.

थरथरत्या पात्याचा एक चुलतभाऊ तर थेट माणसाच्या डोळ्यावरून फिरतो. चष्म्याचा नंबर घालवायच्या लेसिक शस्त्रक्रियेत बुब्बुळावरच्या पारदर्शक पडद्याचा पातळ पापुद्रा उचलावा लागतो. पडदा सगळा मिळून अर्ध्या मिलिमीटरचा आणि पापुद्रा त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. हे काम मायक्रोकेराटोम नावाचं यंत्र करतं, ज्याचं मूळ कोलंबियातले डॉक्टर होसे बाराकेर यांच्याकडे जातं. अलीकडे तिथे लेसरही आला आहे. लग्न ठरायच्या आत नंबर काढून घेतलेल्या कित्येकांना आपल्या डोळ्यावरून पातं थरथरत गेलं होतं, याचा पत्ताही नसतो.

वनस्पतींनाही व्हायब्रेटोम चालतो, आणि तो विषय जालन्याला परका नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी पुसा सावनी भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली, १९६४ मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी उभी केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. भेंडीच्या कोवळ्या मुळाचा पातळ काप हवा असेल, तर ते अगारोजच्या जेलीत बसवतात आणि व्हायब्रेटोमखाली देतात. मूळ मेंदूसारखंच: दाबलं की संपलं.

कॉलेजात मात्र व्हायब्रेटोम म्हणजे विद्यार्थ्याचा उजवा हात. बॉटनीच्या प्रॅक्टिकलला सूर्यफुलाचं खोड बटाट्याच्या फोडीत धरायचं, ब्लेडने सपासप वीस-पंचवीस सेक्शन पाडायचे, वॉचग्लासमधून त्यातला बरा निवडायचा, सॅफ्रॅनिनने रंगवायचा आणि एक्स्टर्नलच्या नजरेला द्यायचा. यंदा परीक्षेला बसणाऱ्यांनी एवढं करावं: दाढीचं का होईना, ब्लेड नवं न्यावं, खोड आणि पातं दोन्ही ओलं ठेवावं, दाबू नये, तिरपं आणि एका दमात आपल्याकडे ओढावं. आणि बोट बाजूला ठेवावं, कारण लाल रंग दिसला म्हणून सॅफ्रॅनिनचे मार्क कुणी देत नाही.