दाजींचं टारगेट

दाजी लेखक आहेत की नाहीत, यावर इंदापूर तालुक्यातल्या कळसमध्ये दुमत आहे. पण यंदा ते किती लिहिणार आहेत, हे मात्र गावात सगळ्यांना पाठ असतं. "साठ हजार शब्द," डेअरीच्या रांगेत किटली धरून उभा असलेला माणूस पुढच्याला सांगतो, आणि पुढचा "गेल्या सालापरीस धा हजारानं वाढवलं की," म्हणून कौतुकानं मान हलवतो. गेल्या साली प्रत्यक्षात किती झाले, हे विचारण्याइतकं उद्धट गावात कुणी नाही.

नात्यानं ते माझे मेव्हणे, थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्काचे यजमान. चार एकर ऊस, दीड एकर डाळिंब, तीन जर्सी गायी आणि एक कादंबरी असा पसारा आहे. कादंबरी सोडली तर बाकी सगळ्यावर सोसायटीचं कर्ज आहे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना लिहायची हौस नसते असं नाही, पण लिहायचं ठरवण्याची हौस तिच्याहून दांडगी असते. दाजींचं सगळं तारुण्य साखर कारखान्यांच्या वार्षिक सभांमध्ये गेलं, त्यामुळे साहित्यालाही त्यांनी तीच भाषा लावली. लिहायचं वर्ष म्हणजे हंगाम. रोजचे शब्द म्हणजे दैनिक गाळप. एका कप चहाला किती ओळी पडतात, तो उतारा. दसऱ्याच्या आगेमागे कारखान्याचं बॉयलर पेटतं आणि इकडे दाजी दोनशे पानी कोऱ्या वहीला हळदकुंकू वाहतात. पहिल्या पानावर एकूण उद्दिष्ट, दैनिक उद्दिष्ट, एकादशीची सवलत आणि खाली "अतिवृष्टी झाल्यास फेरआढावा घेण्यात येईल" अशी ओळ असते. हे पान मी दरवर्षी मन लावून वाचतो. इतकं ठाम, इतकं निःशंक मराठी दाजींनी पुन्हा कुठंही लिहिलेलं नाही.

पुण्याला शिकणारा भाचा एकदा बातमी घेऊन आला. अमेरिकेत लोकांनी एक पैज काढली होती म्हणे. नोव्हेंबरच्या तीस दिवसांत पन्नास हजार शब्दांची कादंबरी पुरी करायची, म्हणजे रोज साधारण 1,667 शब्द. दाजींनी आकडा ताबडतोब वहीत उतरवून घेतला. मग चेहरा पडला.

"नोव्हेंबर कुणी ठरवला? त्येंच्यात ऊस नसंल."

खरंच होतं. नोव्हेंबरात तोडीची टोळी कधी येईल याचा नेम नसतो. कारखान्याच्या चिटबॉयच्या मागं फिरावं लागतं, ट्रॅक्टर रुतला तर शेजाऱ्याचा मागावा लागतो. नायिकेला त्या दिवसांत कोण विचारणार?

भाच्यानं हार मानली नाही. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलपची गोष्ट सांगितली. हा गृहस्थ टपाल खात्यात नोकरीला. कामावर जाण्याआधी पहाटे समोर घड्याळ ठेवून बसायचा आणि पाव तासाला अडीचशे शब्द या हिशेबानं लिहायचा. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच शंका काढली. "पहाटं धार कोण काढत हुतं त्याच्याकडं?"

गोठ्यातून आक्काचा आवाज आला, "आन् हितं कोण काढतंय?"

ट्रोलपचा विषय तिथंच मिटला. दाजींचं खरं दैवत शेजारच्या बारामतीतलं आहे. मोटर रिवाइंडिंगला टाकायला गेले की ते कऱ्हेकाठी चक्कर मारून येतात, मोरोपंतांसाठी. पंत पन्हाळ्यावर जन्मले, बारामतीला बाबूजी नाइकांच्या आश्रयाला राहिले आणि 1794 साली तिथेच वारले. मधल्या काळात सबंध महाभारत आर्यांमध्ये बसवलं आणि वर एकशे आठ रामायणं रचली, असं परंपरा सांगते. त्यात पुन्हा नवनव्या अटी. निरोष्ठ रामायणात ओठाला ओठ लागेल असं अक्षरच नाही. प, फ, ब, भ, म बाद. म्हणजे रामायण रचायचं आणि 'राम' म्हणायची चोरी! स्वतःचं नाव, गावाचं नाव, ज्याचं अन्न खातो त्या बाबूजींचं नाव, यातलं एकही ज्यात बसणार नाही अशी अट पंतांनी आपणहून घालून घेतली आणि पाळली. रोज हजार शब्दांच्या बाता मारणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावर जरा गप्प बसावं.

दाजी गप्प बसले नाहीत. त्यांनी यातून काढलेला अर्थ असा की, माणसाला अट घातली की तो लिहितो. मग त्यांनीही अटी घातल्या. एका हंगामात 'आणि' वापरायचं नाही. दुसऱ्यात फक्त हिरव्या शाईनं. तिसऱ्यात चहा बंद. सगळ्या अटी त्यांनी काटेकोर पाळल्या. कादंबरी लिहायला घेतली असती तरच त्यातली एखादी मोडली असती.

"पंतांना आर्या सुचायची," ते मला म्हणाले, "मला अट सुचती, पाव्हणं."

पण दाजींची आणखी एक वही आहे, आणि तिच्याबद्दल गावात कुणी बोलत नाही. उद्दिष्ट चुकलं की त्याचं कारण रात्री लिहून ठेवायचं, अशी शिस्त त्यांनी लावून घेतली होती. हिशेब चोख हवा म्हणून. नीरा डावा कालवा इंदापूर तालुक्यात येऊन संपतो, खडकवासल्याचा कालवाही इंदापूर तालुक्यातच येऊन संपतो. शेपटाकडच्या माणसाला पाणी कधी मिळणार हे वरच्यांच्या मर्जीवर, त्यामुळे कारणांना कधी तोटा पडला नाही. एका दिवाळीला आक्का फराळात गुंतलेली पाहून मी ती वही चाळली.

"शब्द शून्य. पाळी रात्री दीडची. दारं धरताना वरच्या शेतकऱ्यानं पाणी फोडलं. शिव्या दिल्या नाहीत, त्याचा पोरगा सोबत होता."

"शब्द 40. थ्री फेज लाईट रात्रीची. मोटर तीनदा ट्रिप. तिसऱ्यांदा घरी आलो तेव्हा नायिका स्टँडवर होती की माहेरी, ते आठवेना."

"शून्य. बेलवाडीला तुकोबांच्या पालखीचं रिंगण. अश्व गेल्यावर त्याच्या टापेखालची माती कपाळाला लावायला एक म्हातारी वाकली ती गुडघ्यामुळं उठेना. तिला उठवलं. मग तिची दिंडी शोधली."

"शून्य. कडबनवाडीच्या माळावर चिंकारा दिसले. चार. पाचव्याचे नुसते कान झुडपात हलत होते. तो बाहेर यायची वाट पाहिली, अंधार पडला."

"शून्य. पाहुणे आले (मेव्हणे). गेले नाहीत."

शेवटची नोंद वगळून मी सगळी वही एका बैठकीत वाचली. घरात या वहीचा फार उपयोग होता. गाय कधी भरली, डाळिंबाला पानगळ कधी केली, गारा कुठल्या वारी पडल्या, हे आक्का तिच्यातच बघायची. शेजारीही भांडण लागलं की तारीख पाहायला यायचे.

मी दाजींना म्हटलं, "दाजी, कादंबरी राहू दे. हेच छापा."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. त्यांच्या डोळ्यांत मला पाणी दिसलं असं वाटलं, पण ते गणित करत होते.

"ह्येचं दिवसाला किती धरू?"

सकाळी पाहतो तर कारणांच्या वहीच्या पुढच्या कोऱ्या पानावर तांबड्या शाईनं तक्ता आखलेला. कारणे, दैनिक उद्दिष्ट पाचशे शब्द, एकादशीला सवलत. शेवटी अतिवृष्टीचं कलमही होतं.

महिन्याभरात आक्काचा फोन. आवाज तापलेला.

"आरं, काय सांगून गेलास त्येंना? त्या वहीत तवापास्नं एक अक्षर नाही. जनावराचा डॉक्टर दारात उभा हाय, तांबडी कवा भरली म्हणून तारीख विचारतोय. आता तूच ये, आन् सांग त्याला."