अभिजात शाल

पारा बेचाळीसवर, आणि आमच्या स्नेह्यांच्या फोटोत मांडीवर हिमरू शाल, हातात वाफाळती कॉफी, शेजारी उघडी ‘ज्ञानेश्वरी’. राहायचं छत्रपती संभाजीनगरात, खिडकीत मात्र लंडनचा पाऊस हवा! 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठी अभिजात झाली, तसं त्यांचं कपाटही झालं. पुस्तकं रंगांप्रमाणे लावलीत. कोणती ओवी वाचताय, विचारलं, तर म्हणाले, “ज्या पानावर ऊन चांगलं पडत होतं, ती.”

पन्नासेक किलोमीटरवर पैठण. तिथल्या एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, याच ‘ज्ञानेश्वरी’च्या पोथ्या ताडून अपपाठ वेचून काढले. तेही कॉफीशिवाय!

खुद्द संभाजीनगरातच पाणचक्की आहे. लांबून नहरीने पाणी आणायचं, त्यावर जातं फिरवायचं, तिथल्या दर्ग्यातल्या फकिरांना आणि विद्यार्थ्यांना भाकरी घालायची, जोडीला ग्रंथसंग्रह. आधी पीठ, मग पोथी.

स्नेह्यांना मुद्दाम तिथे नेलं. ग्रंथसंग्रहाचं नाव काढताच डोळे चमकले.

“आत चार्जिंगची सोय आहे ना?”