एकाच बाजूची सुई

इंटर सायन्सच्या प्रात्यक्षिक परीक्षेत चिठ्ठी उचलून प्रयोग ठरत असे. आणि ज्या दैवाने माझ्या शेजाऱ्याच्या पदरात साध्या लंबकाचे दान टाकले, त्याच दैवाने 'पोटेन्शिओमीटरच्या साहाय्याने डॅनियल व लेक्लांशे घटांच्या विद्युत्‌गामक बलांची तुलना करा' असा हुकूम माझ्यावर बजावला.

फळीवर एकेक मीटरच्या चार तारा ताणलेल्या होत्या. एका बरणीत मोरचूद व तांबे, दुसरीत कल्हईवाल्याच्या परिचयाचा नवसागर, आणि दोहोंत जस्ताची कांडी, असा एकंदर थाट वैद्याच्या दुकानाला शोभेलसा होता. १८३६ साली डॅनियलने निर्मिलेला घट सुमारे १.०८ व्होल्टचा आणि १८६६ सालचा लेक्लांशेचा घट सुमारे १.४५ व्होल्टचा, हे मला मुखोद्गत होते. परंतु मुखातले उत्तर तारेवर सापडेना. जॉकी तारेच्या आरंभी टेकवावी, तो गॅल्व्हानोमीटरची सुई डावीकडे जाई. शेवटच्या टोकास टेकवावी, तरी ती डावीकडेच, किंबहुना अधिक निष्ठेने जाई. मी तारांची टोके पॉलिश कागदाने घासली, चाव्या घट्ट केल्या, कुलदैवताचा धावा केला; सुईची एकनिष्ठा ढळली नाही.

अखेर बहिस्थ परीक्षक जवळ आले, क्षणभर बरणीकडे पाहून म्हणाले, "अहो, घट उलटा जोडलात! त्यानं विरोध करायचा, तर तो सहकार्य करतो आहे. मग संतुलन येणार कुठून?"

घट सुलटा करताच डॅनियलचा तोल २१६ सेंटिमीटरवर व लेक्लांशेचा २९० वर सापडला; गुणोत्तर १.३४ आले. मी कृतकृत्य होऊन वही मिटणार, तोच त्यांनी विचारले, "व्होल्टमीटर हाताशी असता ही चार मीटरची यातायात कशाला?" ह्या प्रश्नावर मी जे मौन धारण केले, ते एखाद्या योग्यालाही हेवा वाटावा असे होते.

पुढे विज्ञानाचा व माझा काडीमोड होऊन मी मामलेदार कचेरीत चिकटलो. तेथे वीस वर्षांनी एक तपासनीस आले. खजिन्यातली शिल्लक मोजण्यापूर्वी त्यांचा चहा, फराळ व टांग्याचे भाडे कचेरीच्या किरकोळ खर्चातून गेले, आणि मग शिल्लक कमी कशी, ह्याबद्दल त्यांनी आमच्याकडूनच लेखी खुलासा मागितला. त्या क्षणी मला व्होल्टमीटर उमगला! तो घटाकडून थोडा प्रवाह घेतल्याखेरीज मोजतच नाही; तो प्रवाह देताना घटाचा अंतर्गत रोध आपला हिस्सा कापून घेतो, आणि तेवढी तूट घटाच्या नावावर पडते. पोटेन्शिओमीटर मात्र आपली शिदोरी, म्हणजे मोजावयाच्या घटाहून सरस असा दोन व्होल्टांचा संचायक, बरोबर घेऊन येतो. घटाच्या जोराला तितक्याच जोराने अडवून धरतो आणि सुई शून्यावर येते तेव्हा त्याच्याकडून कपर्दिकही घेत नाही. म्हणून त्याची नोंद खरी.

उत्तर बिनचूक होते. परंतु परीक्षेचा निकाल मात्र वीस वर्षांपूर्वीच लागलेला होता.